सीझनच्या पैशासाठी बचत खातं: कुठलं उघडावं, पहिला भरणा कसा करावा

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. यजमानांची मुंबईतली नोकरी सुटल्यावर दोघं गावी येऊन राहिली आणि सासऱ्यांची हापूसची कलमं आता तीच बघतात. बराचसा माल वाशीला दलालाकडे जातो, थोडा घरूनच विकला जातो. ताईंना स्वतःच्या नावाने बचत खातं उघडायचंय. कागद कुठले लागतील, सुरुवातीला किती भरावेत, रोख भरावेत की दुसऱ्या खात्यातून वळवावेत, असं त्या विचारतात. यजमानांच्या जुन्या पगाराच्या खात्यातून ‘मिनिमम बॅलन्स’पायी पैसे कापले जातायत. आपल्याही खात्याचं तसंच होईल का, ही खरी धास्ती आहे.

माझी नोकरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बँक शाखांमध्ये झाली. खाती उघडण्याचं काम मी जवळून केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की खातं निवडताना बँकेचं नाव किंवा कार्डाचा रंग बघू नका. आपल्या घरात पैसा वर्षभरात कसा येतो ते बघा. बँकेचे बहुतेक नियम दरमहा पगार येणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. आपल्याकडे पैसा तसा येत नाही. आंब्याचा पैसा मार्चअखेरीपासून मेपर्यंत येतो. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. घरी पर्यटक ठेवणाऱ्यांना दिवाळी, नाताळ आणि मे महिना. अशा घरात मे महिन्यात खात्यावर लाख-दीड लाख दिसतात आणि फेब्रुवारीत फवारणीची औषधं आणली की हजारही उरत नाहीत. खातं निवडायचं ते या फेब्रुवारीला झेपेल असं.

बँकेत तुम्हाला साधारण दोन प्रकार सांगतील. एक रेग्युलर बचत खातं. त्यात सरासरी शिल्लक ठेवायची अट असू शकते. दुसरं मूलभूत बचत खातं, ज्याला लोक झिरो बॅलन्स म्हणतात. जनधन खातं हे त्याचंच रूप, ती योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. मूलभूत खात्यात शिल्लक शून्य असली तरी दंड नाही, एटीएम कार्ड फुकट मिळतं आणि पैसे कितीही वेळा भरता येतात. महिन्यातून किमान चार वेळा काढणं मोफत असतं, त्यापुढे काय करायचं ते बँक ठरवते. एक अट आहे: त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये. असेल तर ते बंद करावं लागतं.

काउंटरवर मूलभूत खातं मागायला बायकांना संकोच वाटतो हे मी अनेकदा पाहिलंय. ते गरिबांचं खातं, आपल्याला कशाला, असं वाटतं. ताई, हा संकोच सोडा. रिझर्व्ह बँकेने ही सोय सगळ्यांसाठी ठेवली आहे आणि ती मागणाऱ्याला बँकेने नाही म्हणायचं नसतं. ज्यांना महिन्यात पाच-सहा वेळा पैसे काढावे लागतात किंवा वरचेवर चेक द्यावे लागतात, त्यांनी मात्र रेग्युलर खातंच घ्यावं. तुमचा व्यवहार सीझनमध्ये बराच असणार, मजुरांना आणि पेट्यांच्या गाडीवाल्याला पैसे द्यावे लागणार, म्हणून तुम्हाला रेग्युलर खातं सोयीचं पडेल. पण बँक अशी निवडा की जिथे किमान शिल्लकीची अट नाही किंवा अगदी थोडी आहे. स्टेट बँकेने बचत खात्यांवरचा हा दंड २०२० मध्येच काढून टाकला. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक अशा आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. खासगी बँकांत अट बहुतेक ठिकाणी आहे आणि ती बरीच मोठी असू शकते. पोस्टाच्या बचत खात्यात ५०० रुपये ठेवावे लागतात आणि व्याज ४ टक्के मिळतं.

आता ही सरासरी शिल्लक काय असते ते नीट समजून घ्या. निम्मे दंड इथल्याच गैरसमजातून बसतात. लोक समजतात, महिन्याच्या शेवटच्या तारखेला खात्यात रक्कम दिसली की झालं. तसं नसतं. रोज दिवसअखेरीला जी शिल्लक असते ती सगळी बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागतात. समजा अट २,००० रुपयांची आहे आणि महिना जूनचा, ३० दिवसांचा. तुमचं खातं रिकामं आहे आणि ३० तारखेला तुम्ही धावतपळत जाऊन २,००० भरले. बेरीज झाली २,०००, भागिले ३०, म्हणजे सरासरी जेमतेम ६७ रुपये. दंड बसणार. उलट त्याच महिन्यात १ तारखेला १०,००० भरले, सहा दिवस राहू दिले आणि सातव्या दिवशी सगळे काढून घेतले, तर बेरीज ६०,००० आणि सरासरी बरोबर २,०००. उरलेले चोवीस दिवस खातं कोरडं राहिलं तरी चालतं. काही बँका ही सरासरी तीन महिन्यांची धरतात. हे विचारून घ्या आणि घरी आल्यावर पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

दंडाचेही नियम आहेत. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवायचं, भरून काढायला महिन्याची मुदत द्यायची आणि तूट जेवढी त्या प्रमाणात आकार लावायचा. नुसत्या दंडापायी खातं उणे होता कामा नये. हे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. म्हणजे यजमानांच्या खात्यात ‘वजा अमुक रुपये’ दिसत असेल आणि ते फक्त किमान शिल्लकीच्या दंडाचे असतील, तर शाखेत लेखी अर्ज देऊन ते काढून घ्या. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

किमान शिल्लकीची अट किती ते शाखा कुठे आहे त्यावरही ठरतं, आणि मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांना हे फार कमी वेळा कुणी सांगतं. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत दहा हजारांच्या आतलं गाव ग्रामीण, एक लाखापर्यंतचं निमशहरी. त्या हिशेबाने चिपळूण आणि रत्नागिरी शहरसुद्धा निमशहरीत बसतात, तर मुंबई महानगरात. पगाराचं खातं पगार येतोय तोवर शून्य शिल्लकीवर चालतं. पगार थांबला की काही महिन्यांनी बँक ते रेग्युलर करून टाकते आणि मग मुंबईच्या शाखेची मोठी अट लागते. तुमच्या यजमानांचं हेच झालेलं दिसतं. त्यांनी खातं गुहागर किंवा चिपळूणच्या शाखेत बदलून मागावं. खाते क्रमांक बहुधा तोच राहतो, आयएफएससी (शाखेचा सांकेतिक क्रमांक) बदलतो, आणि ग्रामीण-निमशहरी दर लागतो. त्याच बँकेत त्यांचं दुसरं खातं नसेल तर ते सरळ मूलभूत खात्यात बदलून घेण्याचा अर्जही करता येईल.

कागदांकडे वळू. आधार आणि पॅन असेल तर काम तिथेच संपतं, सोबत दोन फोटो न्या. पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा जाहीरनामा बँकेत मिळतो. पण बागेचा व्यवहार करणार असाल तर पॅन काढूनच घ्या. आधार नको असेल तर मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा रोजगार हमीचं जॉब कार्डही चालतं.

आपल्याकडे अडतं ते दोन ठिकाणी. एक पत्ता. घर आजोबांच्या नावावर, वीजबिल चुलत्याच्या, घरपट्टी अजून पणजोबांच्या नावे येते. तुमच्या नावाचा गावातला एकही कागद नाही आणि आधारवर पत्ता मुंबईच्या चाळीचा. अशा वेळी ग्रामपंचायतीचे दाखले गोळा करत फिरायची गरज नाही. आधारने केवायसी (बँक करते ती ओळख-पत्त्याची खातरजमा) करताना सध्याचा पत्ता वेगळा असेल तर तो स्वतःच्या सहीच्या निवेदनाने देता येतो, नियमात तशी तरतूद आहे. नवीन कारकुनाला माहीत नसेल तर शाखाधिकाऱ्यांना शांतपणे विचारा.

दुसरी अडचण नावाची, आणि ती बायकांचीच जास्त. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. नाव बदललं असेल तर राज्य शासनाचा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडली की चालतं. तरी माझा सल्ला असा की आधी पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या, मगच बँकेत जा. कारण पुढे वाशीचा दलाल चेक लिहील तो तुमच्या खात्यावरच्या नावानेच लिहायला हवा. घरी तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव त्याने चेकवर घातलं तर तो परत येईल, आणि सीझनमध्ये तेवढे आठ दिवस वाया जातात. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, हेही लक्षात असू द्या.

मोबाईलवरून दहा मिनिटांत खातं उघडा, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. नुसत्या आधारच्या ओटीपीवर उघडलेल्या खात्याला मर्यादा असतात: शिल्लक एक लाखाच्या वर जाता कामा नये, आर्थिक वर्षात एकूण दोन लाखांच्या वर जमा होता कामा नये, आणि वर्षाच्या आत प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून पूर्ण केवायसी झाली नाही तर खातं बंद पडतं. पगारदार मुलाला हे लगेच जाणवत नाही. बागायतदाराला नेमकं मे महिन्यात जाणवतं, दलालाने दोन पट्ट्यांचे (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा तो देतो तो हिशेबाचा कागद) पैसे एकदम पाठवले की. म्हणून मोबाईलवरून उघडलंत तरी सीझनच्या आधी पूर्ण केवायसी करून टाका. व्हिडिओवर अधिकाऱ्याने तुमचा चेहरा आणि पॅन प्रत्यक्ष पाहून केलेली केवायसी पूर्ण धरली जाते. गावात रेंज नसेल तर सरळ शाखेत जा. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी फोन करा, वीज किंवा लाईन गेली की शाखेतही काम अडतं.

अर्जावर ‘वार्षिक उत्पन्न’ असा रकाना असतो. तिथे घाबरून पन्नास हजार लिहू नका. खरा अंदाज लिहा आणि व्यवसाय ‘शेती, आंबा बागायत’ असा स्पष्ट लिहा. पन्नास हजार लिहिलंत आणि मे महिन्यात तीन लाख जमा झाले तर बँकेची यंत्रणा तो व्यवहार संशयित म्हणून बाजूला काढते, मग विचारणा होते, कधी खातं थोपवलंही जातं. खरं लिहिलं असेल तर विचारणा झालीच तर पट्टी दाखवून विषय मिटतो. दलालाच्या पट्ट्या म्हणूनच फाईलला लावून ठेवा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण ते शेतीचंच आहे हे दाखवता यायला हवं.

आता पहिला भरणा. तुमच्याजवळ घरून विकलेल्या आंब्यांचे रोख पैसे असतील, ते सगळे एकदम नेऊन भरायचा मोह होईल. मी सांगेन, पहिल्या दिवशी अटीपुरते किंवा हजार-दोन हजार रोख भरा. बाकीचे पुढच्या आठवड्यात, खाते क्रमांक हातात पडल्यावर, पासबुकात पहिली नोंद छापून आल्यावर. भरणा पावती दोन भागांची असते, तुमच्या भागावर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोटांचा तपशील स्वतः लिहा: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती. शाखेबाहेर रोख भरायचं मशीन असेल तर तिथे निघालेली चिठ्ठी जपून ठेवा, तिची शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून मोबाईलवर फोटो काढा.

दुसऱ्या खात्यातून वळवणं मला रोखीपेक्षा जास्त पसंत आहे. यजमानांच्या खात्यातून एनईएफटीने (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय) किंवा यूपीआयने आधी शंभर रुपये पाठवून बघा, आले की मग बाकीचे. एनईएफटी आता चोवीस तास चालतं आणि १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव पडद्यावर बघता येतं. ते वाचूनच पुढे जा. यात फायदा असा की पैसा कुठून आला याची नोंद आपोआप राहते. उद्या किसान क्रेडिट कार्ड किंवा बागेसाठी कर्ज मागायला गेलात, तर वर्षभराचा उतारा हाच तुमचा दाखला.

दलालाकडूनही पैसे शक्य तेवढे खात्यातच घ्या. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. त्याने चेक दिला तर ‘अकाउंट पेयी’च्या दोन रेघा आहेत का बघा. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर वटवले जातात, त्यामुळे सकाळी टाकलेला चेक बहुधा त्याच दिवशी जमा होतो.

सरकारी पैशाचं एक वेगळंच आहे. लाडकी बहीण, पीएम किसान असे हप्ते खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. नवीन खातं उघडताना ‘आधार सीडिंग’च्या चौकटीत तुम्ही खूण केलीत तर पुढचा हप्ता या नव्या खात्यात येईल. इथे फार बायका गोंधळतात. जुन्या पासबुकात हप्ता दिसत नाही म्हणून तालुक्याला खेपा घालतात आणि पैसे दुसऱ्या बँकेत पडून असतात. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा. खूण करायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा (नामनिर्देशनाचा) रकाना कोरा ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरातला माणूस गेल्यावर वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि खात्यात रक्कम असायची वीस-पंचवीस हजार. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. खातं एकटीच्या नावाने उघडा, वारस म्हणून यजमान आणि मुलं लावा. संयुक्त खातं हवं असेल तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असा पर्याय निवडा, नाहीतर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतील.

तुमच्या आसपास पतसंस्थेचे प्रतिनिधी दारात येऊन रोजची रक्कम नेतात, व्याजही जास्त सांगतात. माणसं ओळखीची असतात, सोय मोठी असते, हे मला मान्य आहे. पण बँकेतली ठेव मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक असो की राष्ट्रीयीकृत, दोन्हीकडे हे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या पैशाला ते नाही. सीझनची मुख्य रक्कम बँकेतच ठेवा. आणि घरात कुणाचं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं जुनं पासबुक असेल तर ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आलेली आहे. पैसे सुरक्षित आहेत, मात्र कुणाला खात्याचा तपशील देण्याआधी आयएफएससी शाखेत विचारून घ्या.

मे महिन्यात खातं भरलं की ते तसंच ठेवू नका. मोठ्या सरकारी बँकांत बचत खात्यावर व्याज अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे लाखावर वर्षाला अडीच हजार. आवर्ती ठेव तुमच्या घराला जुळणार नाही. तिला दरमहा हप्ता लागतो आणि तो पावसाळ्यात चुकतो. त्यापेक्षा मेअखेर हिशेब झाला की खर्चाच्या महिन्यांप्रमाणे मुदत ठेवीच्या तीन-चार लहान पावत्या करा: एक गणपतीच्या आधी मोकळी होणारी, एक नोव्हेंबरात मोहोराच्या फवारणीसाठी, एक फेब्रुवारीसाठी. एकच मोठी पावती केलीत तर गरजेला ती मोडावी लागते आणि व्याज कापलं जातं. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये तरी राहू द्या. तुम्ही संमती दिली असेल तर तेव्हा विम्याचे हप्ते कापले जातात: अपघात विम्याचे २० रुपये आणि जीवन ज्योतीचे ४३६. दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण आहे. कलमांवर चढून काम करणाऱ्या माणसाचा वीस रुपयांचा विमा तरी असायलाच हवा.

यजमानांचं मुंबईचं खातं लगेच बंद करू नका. नोकरी सुटल्यावर भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्याच खात्यावर यायचे असतील, एखादा विमा किंवा कर्जाचा हप्ता तिथूनच जात असेल. आधी ते नवीन खात्याकडे वळवा, निधीच्या नोंदीत खाते क्रमांक बदला, सहा महिन्यांचा उतारा काढून ठेवा. मग उरलेले चेक आणि कार्ड परत करून खातं बंद करण्याचा अर्ज द्या, आणि बंद झाल्याचं पत्र बँकेकडून लेखी घ्या. नुसतं तसंच सोडून दिलंत तर दोन वर्षं व्यवहार नसल्यावर ते निष्क्रिय होईल. पुन्हा सुरू करायला पैसे पडत नाहीत, पण नव्याने केवायसी करावी लागते, आणि दहा वर्षांनी उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. तिथूनही ती मागता येते, त्यासाठी अर्ज मात्र आपल्या बँकेतच करावा लागतो.